स्त्यागुल रोशु, ब्राशोव : ट्रक कारखान्याच्या संघाची ऐंशी वर्षे

ब्राशोवच्या या फुटबॉल संघाचा इतिहास मैदानापासून सांगायला घेतला तर तो अर्धाच हाती लागतो. सुरुवात कारखान्याच्या फाटकापासूनच करायला हवी. रोमानियाच्या मध्यभागी, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी वसलेले ब्राशोव हे जुने व्यापारी शहर. जर्मन वंशाच्या सॅक्सन लोकांनी ते वसवले. त्यांच्या तोंडी ते क्रोनश्टाट, हंगेरियनांच्या तोंडी ब्राश्शो. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, युद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनियाबरोबर रोमानियात आले. वाढलेल्या देशाला रेल्वेचे डबे हवे होते, यंत्रे हवी होती, आणि डोंगरांच्या आडोशाला, सरहद्दीपासून दूर असलेले हे शहर उद्योगांसाठी सोयीचे होते. १९२१ साली इथे ‘रोमलोक’ हा रेल्वेसामग्रीचा कारखाना उभा राहिला. चार वर्षांनी, १९२५ मध्ये, विमाने बनवणारा ‘आय.ए.आर.’ आला. व्यापाऱ्यांचे गाव एका पिढीच्या आत कामगारांचे झाले.

रोमलोक पुढे आराद शहरातल्या आस्त्रा या वॅगन कारखान्याशी जोडला गेला आणि ‘उझिनेले आस्त्रा ब्राशोव’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३६ साली तिथल्या कामगारांचा फुटबॉल संघ निघाला. त्याला वेगळे नाव शोधण्याची गरज कुणाला वाटली नाही. कारखान्याचे नाव तेच संघाचे नाव. पहिली काही वर्षे जिल्हा आणि प्रांत पातळीवरच्या सामन्यांत गेली. मग युद्ध आले. आस्त्रात तोफा बनत, शेजारच्या कारखान्यात विमाने. म्हणून १९४४ साली अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी ब्राशोव गाठले. त्या काळातल्या फुटबॉलबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

११ जून १९४८ रोजी रोमानियातले मोठे उद्योग सरकारने ताब्यात घेतले. आस्त्राचे नाव बदलून ‘स्त्यागुल रोशु’, म्हणजे लाल झेंडा, असे झाले, आणि संघाचेही नाव त्यामागोमाग बदलत गेले. मधल्या काळात तो कधी ‘मेटालुल’ म्हणून खेळला, कधी ‘एनेर्जिया’ म्हणून. त्या वर्षांत क्रीडासंघटनांची पुनर्रचना बुखारेस्टमधून होई आणि देशभरच्या संघांच्या पाट्या एका फटक्यात बदलत. शहरही यातून सुटले नाही. १९५० ते १९६० या दहा वर्षांत ब्राशोवचे अधिकृत नाव ‘ओराशुल स्टालिन’, म्हणजे स्टालिननगर, असे होते. शहराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या तिम्पा डोंगराच्या उतारावर तर स्टालिनच्या नावाची अक्षरे उमटतील अशी झाडे लावली होती. त्यामुळे संघ पहिल्यांदा वरच्या विभागात पोचला तेव्हा गुणतक्त्यात त्याची नोंद ‘स्त्यागुल रोशु, ओराशुल स्टालिन’ अशी झाली. जुन्या नोंदी चाळणाऱ्याला हे चार-पाच वेगवेगळे संघ वाटतात. तो एकच संघ आहे, आणि त्याला एक ठेवणारी गोष्ट म्हणजे तो कारखाना.

म्हणून कारखान्याबद्दल थोडे सविस्तर. १९५४ साली स्त्यागुल रोशुच्या फाटकातून रोमानियाचा पहिला ट्रक, एसआर-१०१, बाहेर पडला. तो सोव्हिएत झिस-१५० या ट्रकवरून बेतलेला होता. पुढे ‘कार्पाट्स’ आणि ‘बुचेज’ हे ट्रक आले. दोन्ही नावे पर्वतांची. मग पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि १९७१ पासून ‘रोमान’ हा ट्रक बनू लागला. रोमानियातल्या धरणांच्या, रस्त्यांच्या, कामगार वसाहतींच्या बांधकामावर हेच ट्रक दिसत, आणि बाहेरच्या देशांतही जात. खेड्यांतून आलेली तरुण मुले कारखान्याच्या शाळेत शिकत, ओतशाळेत किंवा जोडणी विभागात लागत आणि कारखान्याने वसवलेल्या इमारतींत राहत. त्या वस्तीचे नावही स्त्यागुल रोशु. १९८९ नंतर वस्तीचे अधिकृत नाव पुन्हा ‘आस्त्रा’ झाले. लोक बोलताना अजून ‘स्त्यागु’च म्हणतात.

समाजवादी रोमानियात व्यावसायिक फुटबॉलला कागदावर जागा नव्हती. खेळाडू हा कामगार, आणि तो मोकळ्या वेळात खेळतो, अशी मांडणी होती. प्रत्यक्षात चांगल्या संघांचे खेळाडू दिवसभर फुटबॉलच खेळत, मात्र त्यांचे नाव कारखान्याच्या पगारपत्रकावर असे, घर कारखान्याच्या कोट्यातून मिळे, दौऱ्याची बस कारखान्याची असे. संघाचा खर्च युनियन आणि व्यवस्थापन उचले. आरादचा संघ कापड गिरणीचा, हुनेदोआराचा पोलाद कारखान्याचा, पेट्रोशानचा कोळसा खाणींचा, प्लोएश्तचा तेल उद्योगाचा. देशाचा औद्योगिक नकाशा आणि फुटबॉलचा गुणतक्ता एकमेकांवर ठेवले तर बरेचसे जुळत. पण राजधानीत दोन संघ असे होते की त्यांच्यामागे कारखाना नव्हता, राज्यसत्ता होती. सैन्यदलाचा सी.सी.ए., जो १९६१ मध्ये स्तेआवा झाला, आणि गृहखात्याचा दिनामो. सक्तीच्या लष्करी सेवेचे वय झालेला गुणी खेळाडू त्यांना हवा असला, तर प्रांतातल्या संघाला तो अडवून धरणे अवघड जाई. स्त्यागुल रोशुने जे काही मिळवले ते या परिस्थितीत मिळवले, आणि त्याचे मोल ठरवताना ही परिस्थिती कुणी विसरू नये.

इथे सिल्व्हियु प्लोएश्त्यानु यांचे नाव येते. या संस्थेच्या इतिहासात एकाच माणसाचे छायाचित्र छापायचे असेल, तर ते त्यांचे. बुखारेस्टच्या वेनुस क्लबकडून खेळलेले आणि राष्ट्रीय संघाची जर्सी घातलेले हे गृहस्थ युद्धानंतर ब्राशोवला आले आणि सुमारे दोन दशके या संघाचे प्रशिक्षक राहिले. त्या काळातल्या फुटबॉलमध्ये, किंवा आजच्याही, ही अपवादाची गोष्ट आहे. मोठ्या संघांचे प्रशिक्षक दोन-तीन हंगामांत बदलत. प्लोएश्त्यानु एकाच कारखान्याच्या मैदानावर केस पांढरे करत राहिले. मधल्या काळात राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली, तरी त्यांचे घर ब्राशोवच. तयार खेळाडू आणण्याची ताकद त्यांच्याकडे नव्हती, म्हणून खेळाडू घडवणे भाग होते. ब्राशोवच्या आसपासची खेडी, कारखान्याची शाळा, खालच्या विभागांतले लहान संघ यांतून त्यांनी माणसे वेचली. त्यांच्या संघात रोमानियन होते, हंगेरियन होते. फुसुलान, प्रोका, मेसारोश, ज्यॉर्फी, इवन्चेस्कु, पेस्कारु या आडनावांची यादी वाचली की ट्रान्सिल्व्हेनियातल्या कुठल्याही पाळीच्या हजेरीपटाची आठवण होते. प्रांताच्या राजकारणात या समाजांचे एकमेकांशी पटलेच असे नाही. मैदानावर पिवळ्या-काळ्या जर्सीत मात्र ही माणसे वर्षानुवर्षे एकत्र खेळली, आणि याचे श्रेय मी प्लोएश्त्यानु यांना पदकांपेक्षा आधी देईन.

१९५६ च्या अखेरीस संघाने दुसरा विभाग जिंकला आणि १९५७-५८ च्या हंगामात तो ‘दिविझिया ए’ या देशातल्या सर्वोच्च साखळीत उतरला. तेव्हा या साखळीत बाराच संघ होते, म्हणजे हंगामात बावीस सामने. एखाद-दुसरी हार झाली तरी घसरण मोठी. तिसऱ्याच हंगामात, १९५९-६० मध्ये, ट्रक कारखान्याचा हा संघ देशात दुसरा आला. पुढे फक्त सैन्यदलाचा सी.सी.ए. राहिला. या संघाचा साखळीतला सर्वोच्च क्रमांक तोच. एकही राष्ट्रीय विजेतेपद, एकही राष्ट्रीय चषक त्याच्या खात्यावर नाही, आणि इतिहास लिहिताना हे झाकून ठेवण्याचे काही कारण नाही.

त्या यशातून एक वेगळीच कामगिरी निघाली. १९६०-६१ मध्ये बाल्कन देशांतल्या क्लबांसाठी बाल्कन चषक पहिल्यांदा खेळवला गेला. अथेन्सचा एईके, सोफियाचा लेव्हस्की, तिरानाचा पार्टिझानी, इस्तंबूलचा फेनेरबाहचे आणि स्त्यागुल रोशु असे पाच संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. राजधान्यांच्या आणि महानगरांच्या या संघांत एकटा ब्राशोवचा संघ प्रांतातल्या शहराचा होता, आणि चषक त्यानेच नेला. नंतर ही स्पर्धा मागे पडली आणि बंदही झाली, म्हणून तिचे नाव आज फार कुणाला माहीत नसते. पण १९६१ साली, अल्बानियापासून तुर्कस्तानपर्यंत एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांत प्रवास करून, परक्या मैदानांवर खेळून तो चषक आणणे किती कठीण होते हे नकाशा पाहिला तरी कळते.

युरोपातल्या मोठ्या स्पर्धांची दारे पुढे ‘इंटर-सिटीज फेअर्स कप’मुळे उघडली. १९६३-६४ मध्ये पहिल्याच फेरीत बल्गेरियाच्या लोकोमोटिव्ह प्लोव्हदिव्हकडून हार झाली. दोन वर्षांनी गाठ पडली ती बार्सेलोनाच्या एस्पान्योलशी. या लढतीबद्दल सविस्तर सांगायलाच हवे, कारण ब्राशोवच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ती पुन्हा पुन्हा येते. एस्पान्योलच्या ताफ्यात त्या हंगामात आल्फ्रेदो दि स्तेफानो होता. रेआल माद्रिदबरोबर लागोपाठ पाच युरोपियन चषक जिंकलेला, खेळाडू म्हणून अखेरच्या वर्षांत पोचलेला. पहिला सामना स्पेनमध्ये झाला आणि स्त्यागुल रोशु १–३ असा हरला. परतीच्या सामन्यात ब्राशोवने चार गोल केले, दोन खाल्ले. ४–२. दोन्ही सामन्यांची बेरीज ५–५. आजच्या पद्धतीने अशा वेळी लगेच जादा वेळ आणि मग पेनल्टी होतात. तेव्हा तिसरा, निर्णायक सामना खेळवत. तो एस्पान्योलने १–० असा जिंकला. एका गोलाचा फरक. पुढच्या फेरीत एस्पान्योलची गाठ पडली ती आपल्याच शहरातल्या बार्सेलोनाशी. पिवळ्या-काळ्या जर्सीतला ट्रक कारखाना त्या फेरीपासून एका गोलाच्या अंतरावर थांबला.

साठच्या दशकाच्या अखेरीस प्लोएश्त्यानु यांची कारकीर्द संपली आणि १९६९ साली त्यांचे निधन झाले. संघाच्या मैदानाचे नाव आधी ‘तिनेरेतुलुइ’, म्हणजे तरुणांचे, असे होते. पुढे त्याला प्लोएश्त्यानु यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या हाताखाली मोठे झालेले दोन खेळाडू १९७० मध्ये मेक्सिकोला विश्वचषकासाठी गेले. गोलरक्षक स्तेरे अदामाके हा डॅन्यूबकाठच्या गालात्सचा, ब्राशोवला येऊन ब्राशोवचाच झालेला. मधल्या फळीतला निकोलाए पेस्कारु हा या संघाचा चेहरा. जवळजवळ सगळी कारकीर्द त्याने याच जर्सीत घालवली. रोमानियाचा गट फार कठीण होता: गतविजेता इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पेलेचा ब्राझील. अदामाके तिन्ही सामन्यांत सुरुवातीपासून गोलात उभा राहिला. इंग्लंडशी ०–१, चेकोस्लोव्हाकियाशी २–१. ब्राझीलविरुद्ध अर्ध्या तासाच्या आत दोन गोल झाले आणि प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावून बुखारेस्टच्या रापिदचा रदुकानु गोलात पाठवला. विश्वचषकात बदली खेळाडूची मुभा त्याच वर्षी सुरू झाली होती. गोलरक्षकाने दुखापत नसताना बाहेर येणे लोकांच्या सवयीचे नव्हते. सामना रोमानिया २–३ असा हरला. त्या एका बदलावरून अदामाकेची आठवण काढणारे बरेच भेटतात. एका कारखान्याच्या संघाचा गोलरक्षक विश्वचषकात तीन सामने पहिली पसंती म्हणून खेळला, ही त्याहून मोठी गोष्ट आहे आणि तीच या संस्थेच्या इतिहासात लिहायला हवी. १९७८ साली डॅन्यूबच्या पात्रात बुडून त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३६.

१९७४-७५ चा हंगाम या संस्थेच्या आयुष्यातला सर्वांत विचित्र. वरच्या क्रमांकामुळे संघाला यूईएफए चषकात प्रवेश मिळाला होता. पहिल्या फेरीत इस्तंबूलला बेशिक्ताशकडून ०–२ हार, आणि ब्राशोवला परतीच्या सामन्यात ३–० विजय. शहरात आनंदीआनंद. पुढची गाठ हांबुर्गशी. हांबुर्गमध्ये निकाल ०–८ लागला. ब्राशोवला १–२. हांबुर्गच्या त्या संघाने पुढच्या दोन वर्षांत जर्मन चषक आणि युरोपियन कप विनर्स कप दोन्ही जिंकले, म्हणजे तो घडत असलेला मोठा संघ होता. तरी आठ गोलांची जखम आठ गोलांचीच राहते. देशातल्या साखळीतही संघ कोसळला आणि हंगामाच्या अखेरीस दुसऱ्या विभागात गेला. ज्या वर्षी युरोपात खेळला त्याच वर्षी घसरला. प्लोएश्त्यानु यांनी घडवलेली पिढी थकली होती आणि तिच्या मागे तशी दुसरी पिढी तयार नव्हती, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

पाच वर्षे दुसऱ्या विभागात गेली. १९८० साली संघ परतला तो नव्या नावाने: ‘एफ.सी.एम. ब्राशोव’, म्हणजे नगराचा फुटबॉल क्लब. कागदावरून लाल झेंडा गेला, पण संघाची नाळ ट्रक कारखान्याशीच राहिली आणि पाठीराखे स्वतःला ‘स्तेगारी’, म्हणजे झेंडेकरी, म्हणवत राहिले.

नव्या नावाच्या पहिल्या वर्षांतच संघाला त्याचा सर्वांत गुणी मुलगा मिळाला. मारियुस लकतुश, जन्म ब्राशोवचा, १९६४ चा. १९८१ मध्ये तो पहिल्या संघात आला. उजव्या बाजूने वाऱ्यासारखा धावणारा, अंगावर येणाऱ्या बचावपटूला न घाबरणारा पोरगा. दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, स्तेआवाने त्याला उचलले. ७ मे १९८६ रोजी सेव्हिलमध्ये स्तेआवाने बार्सेलोनाला पेनल्टींवर हरवून युरोपियन चषक जिंकला. पेनल्टींच्या त्या माऱ्यात पहिल्या चारही पेनल्टी अडवल्या गेल्या होत्या. पहिली जाळ्यात गेली ती लकतुशची, वरच्या दांड्याला घासून. १९९० च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. जगाच्या दृष्टीने तो स्तेआवाचा खेळाडू, आणि ते योग्यच आहे. पण त्याला फुटबॉल शिकवण्याचा खर्च ब्राशोवने केला होता, आणि मोठ्या चषकांच्या इतिहासात अशा खर्चाचा हिशेब कुणी मांडत नाही.

आता १९८७. ही फुटबॉलची घटना नाही, पण तिच्याशिवाय हा इतिहास खोटा ठरेल. निकोलाए चाउशेस्कु यांनी परकीय कर्ज फेडण्यासाठी देशातले अन्नधान्य बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. ब्राशोवमध्ये पाव, तेल, साखर शिधापत्रिकेवर, हिवाळ्यात घरे थंडगार. कारखान्याचे उद्दिष्ट पुरे झाले नाही म्हणून कामगारांचे पगार कापले गेले. १५ नोव्हेंबर हा रविवार होता, स्थानिक निवडणुकांचा दिवस. रात्रपाळीचे कामगार पगार पाहून चिडले, यंत्रे थांबली, सकाळची पाळीही त्यांना मिळाली आणि हजारोंचा लोंढा स्त्यागुल रोशुच्या फाटकातून शहराच्या मध्याकडे निघाला. वाटेत त्यांनी १८४८ च्या क्रांतीतले जुने गीत गायले, जे नंतर देशाचे राष्ट्रगीत झाले. पक्षाच्या कार्यालयात लोक घुसले, नेत्याची चित्रे खिडकीबाहेर फेकली गेली. दुपारनंतर सैन्य आणि पोलीस आले. सुमारे तीनशे जणांना अटक झाली, त्यांना मारहाण झाली, आणि ६१ जणांना शिक्षा ठोठावून देशाच्या दूरदूरच्या गावांत हद्दपार करण्यात आले.

हीच माणसे एरवी रविवारी मैदानाची गॅलरी भरत. ज्या पगारपत्रकात कपात झाली त्याच पगारपत्रकाच्या जोरावर संघ चालत आला होता. दोन वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, चाउशेस्कुंची राजवट कोसळली. तिला पहिला मोठा तडा ब्राशोवच्या कामगारांनी दिला असे रोमानियात मानले जाते, आणि स्त्यागुल रोशु हे नाव त्या देशाच्या शालेय पुस्तकांत फुटबॉलपेक्षा या कारणाने पोचले आहे. एका कारखान्याच्या आयुष्यात बाल्कन चषक आणि हा मोर्चा दोन्ही यावेत, याचा अभिमान या संस्थेच्या प्रत्येक माणसाला वाटतो आणि वाटायला हवा.

१९८९ नंतरची वर्षे पटकन सांगता येतात, कारण ती बहुतेक सगळ्या पूर्व युरोपातल्या कारखान्यांसारखीच आहेत. ठरलेल्या ग्राहकांची बाजारपेठ गेली, पाश्चात्त्य ट्रक देशात आले, ‘रोमान’ नावाने चाललेल्या कारखान्याचे उत्पादन घटत घटत किरकोळ झाले. वीस हजारांहून अधिक माणसे जिथे काम करत होती तिथे रिकाम्या शेडी उरल्या. ब्राशोवची लोकसंख्या १९९२ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख २३ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे २ लाख ५३ हजारांवर आली. शेजारचा ट्रॅक्टर कारखाना २००७ मध्ये बंदच झाला आणि त्याच्या जागेवर आज मोठे खरेदी केंद्र उभे आहे.

संघ या पडझडीतही एकदा उठला. २०००-०१ च्या हंगामात तो देशात तिसरा आला आणि सत्तावीस वर्षांनी पुन्हा यूईएफए चषकात गेला. आर्मेनियाच्या मिकाला हरवून पुढच्या फेरीत पोचला तो थेट इंटर मिलानसमोर. दोन्ही सामने ०–३. हरण्याची खंत फारशी कुणाला नव्हती. इंटर ब्राशोवला आली होती, हेच पुरे होते.

त्यानंतर संघाचा भार मुख्यतः रोमान कारखान्याचे मालक योआन नेकुलाये यांच्या पैशावर राहिला. म्हणजे खासगीकरणानंतरही जुने नाते टिकले, फक्त युनियन आणि व्यवस्थापनाच्या जागी एक मालक आला. यात मोठा धोका होता. पूर्वी वीस हजार कामगारांच्या कारखान्याला संघ हा छोटासा खर्च होता. आता कारखानाच छोटा झाला होता आणि फुटबॉल महाग. २००५ मध्ये संघ खाली गेला, २००८ मध्ये वर आला. २०१४-१५ मध्ये साखळीतले संघ अठरावरून चौदा करायचे ठरले होते, म्हणून एकाच वेळी सहा संघ खाली जाणार होते. त्या सहांत ब्राशोव होता. दुसऱ्या विभागात उत्पन्न आणखी आटले, देणी वाढत गेली, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात १९३६ साली स्थापन झालेली ही संस्था विसर्जित झाली.

विसर्जनाच्या कागदांवर पाठीराख्यांची सही नव्हती. त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या वर्गणीतून नवा संघ काढला आणि त्याला ‘एस.आर. ब्राशोव’ असे नाव दिले. जुन्या ट्रकांवरची आणि जुन्या संघाची तीच दोन अक्षरे, पण या वेळी ती ‘स्त्यागुल रेनाश्ते’ची होती, म्हणजे झेंडा पुन्हा जन्म घेतो. साखळीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवरून, जिल्ह्यातल्या खेड्यांच्या संघांशी सामने खेळत, पिवळी-काळी जर्सी पुन्हा मैदानात उतरली. कारखाना मागे नव्हता, मालक नव्हता. प्रवासाचा खर्च, जर्सींचा खर्च, मैदानाचे भाडे गॅलरीतल्या माणसांनी वाटून घेतले, आणि त्या गॅलरीत स्त्यागु वस्तीतली, कधीकाळी जोडणी विभागात काम केलेली म्हातारी माणसेही तिकीट काढून येऊन बसत होती.